लॉस एंजेलिसचा स्मॉग : सगळे धूर शोधत होते आणि दोषी निघाली पेट्रोलची वाफ

२६ जुलै १९४३. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमधे सकाळी हवेत असं काहीतरी उतरलं की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले, नाकं गळायला लागली आणि तीन चौकांपलीकडचं नीट दिसेना. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं, त्यामुळे बऱ्याच जणांना खरोखर वाटलं की जपानने गॅस सोडलाय. तसं काही नव्हतं, पण मग हे काय आहे ते शोधायला पुढची जवळपास दहा वर्षं गेली आणि ते मान्य करून घ्यायला त्याहून जास्त.

हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे रेणू, शिकताना अल्केन (सगळे एकेरी बंध), अल्कीन (दुहेरी बंध असलेले), संपृक्त, असंपृक्त हे सगळं आपण पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो, कारण एकेरी बंध की दुहेरी बंध याने कुणाच्या आयुष्यात काय फरक पडतो ते कधी दिसलेलंच नसतं. या केसमधे ते दिसतं. एका अख्ख्या शहराचे डोळे कशाने जळतायत याचं उत्तर शेवटी त्या बंधांपाशीच येऊन थांबलं, म्हणून ही केस सविस्तर लिहितोय.

पहिला संशयित

शहराच्या मधोमध आलिसो स्ट्रीटवर बुटाडाईन बनवणारा प्लांट होता. युद्धामुळे नैसर्गिक रबर मिळेना, त्यामुळे कृत्रिम रबर बनवायचं आणि त्याचा कच्चा माल म्हणजे बुटाडाईन. प्लांटमधून वास आणि वाफा बाहेर पडत होत्या, लोक चिडले, दबाव आला, प्लांट काही काळ बंद ठेवला गेला, सुधारणा केल्या गेल्या. स्मॉग मात्र येतच राहिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. केमिस्ट्रीच्या नजरेने बघितलं तर हा संशय अगदीच चुकीच्या दिशेला नव्हता. बुटाडाईन म्हणजे चार कार्बनची साखळी आणि त्यात दोन दुहेरी बंध, म्हणजे हवेत गेल्यावर ज्याची पटकन रिअ‍ॅक्शन होते अशाच जातीतला पदार्थ. चूक एवढीच झाली की एकच चिमणी धरली, आणि त्या जातीतले पदार्थ शहरातल्या प्रत्येक रस्त्यावर सोडले जातायत हे कुणाला सुचलं नाही.

कोळशाच्या शहरांचा अनुभव इथे का चालला नाही

तेव्हा हवा खराब म्हणजे कोळसा, हे समीकरण पक्कं होतं. स्मॉग हा शब्दच मुळात १९०५ साली लंडनच्या संदर्भात आला, स्मोक अधिक फॉग. कोळशात गंधक असतं, ते जळलं की सल्फर डायऑक्साइड, त्यात काजळी, त्यात थंडीतलं धुकं. डिसेंबर १९५२ मधे लंडनला पाच दिवस असा स्मॉग बसला तेव्हा सुरुवातीचा मृतांचा अंदाजच सुमारे ४००० होता, नंतरच्या अभ्यासांत तो १२००० पर्यंत गेला. तर लॉस एंजेलिसनेही साहजिकच कोळशाच्या शहरातला जाणकार बोलावला. सेंट लुईसचा धूर ज्यांनी आटोक्यात आणला ते रेमंड टकर आले आणि १९४७ च्या सुरुवातीला त्यांनी अहवाल दिला. त्याच वर्षी काउंटीचं हवा प्रदूषण नियंत्रण खातं उभं राहिलं, त्याचे पहिले प्रमुख लुईस मॅककेब, आणि खात्याचा सुरुवातीचा भर होता सल्फर डायऑक्साइड आणि धुरावर, म्हणजे रिफायनऱ्या, फाउंड्र्या, कचरा जाळण्याच्या जागा. ही कामं वाया गेली असं नाही, सल्फर आणि काजळी खरंच कमी झाली. पण डोळे जळायचे ते जळतच होते.

खरं तर हाताशी असलेले पुरावे लंडनशी अजिबात जुळत नव्हते. लंडनचा स्मॉग थंडीत, अंधाऱ्या, ओल्या दिवसांत वाढायचा. लॉस एंजेलिसचा कडक उन्हात, दुपारच्या आसपास वाढायचा आणि सूर्य मावळला की ओसरायचा. लंडनला गंधकाचा वास, इथे ब्लीचिंग पावडरसारखा. शहराच्या आसपासच्या शेतांत १९४४ पासून पालक, लेट्यूस, बीट यांच्या पानांवर एक विचित्र डाग दिसायला लागला होता, पानाची खालची बाजू चांदीसारखी किंवा तांब्यासारखी चकचकीत व्हायची, आणि सल्फर डायऑक्साइडने पान असं होत नाही हे वनस्पतीवाल्यांना माहीत होतं. आणि रबर! गाड्यांच्या टायरच्या कडेला, रबराच्या नळ्यांना इथे इतर शहरांपेक्षा फार लवकर चिरा पडायच्या.

म्हणजे ऊन लागतं, पानं वेगळ्याच पद्धतीने करपतात, रबर चिरतं. तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर आज कुठलाही केमिस्ट्रीवाला म्हणेल की हवेत जोरदार ऑक्सिडायझर आहे, म्हणजे समोर येईल त्या पदार्थाचं ऑक्सिडेशन करणारं काहीतरी. पण तेव्हा असा विचार करणारं माणूस योगायोगाने एका भलत्याच विषयातून यावं लागलं.

अननसाच्या वासाचा अभ्यासक

आरी हागेन-स्मिट, जन्म १९००, नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचे, १९३७ पासून पॅसाडेनाच्या कॅलटेकमधे. काम काय, तर वनस्पतींची संप्रेरकं, सुगंधी तेलं आणि फळांचे वास. अननसाचा वास नेमका कोणत्या पदार्थांचा बनलाय ते ते शोधत होते. वास म्हणजे हवेत अगदी किंचित प्रमाणात असलेले सेंद्रिय रेणू, त्यामुळे ते पकडायची पद्धत अशी की भरपूर हवा अतिशय थंड केलेल्या नळीतून सोडायची, वाफा गोठून खाली जमतात, मग जे थेंब मिळतील ते तपासायचे.

ही पद्धत त्यांनी खिडकीबाहेरच्या हवेला लावली, एवढंच. १९४८ च्या सुमाराची गोष्ट. हजारो घनफूट पॅसाडेनाची हवा थंड नळीतून गेल्यावर हाती आले तपकिरी, घाणेरड्या वासाचे काही थेंब. त्यात सापडलं काय, तर अल्डिहाइड, सेंद्रिय आम्लं, पेरॉक्साइड. आता या यादीकडे नीट बघा. यातली कुठलीच गोष्ट कुणी चिमणीतून ढिगाने सोडत नव्हतं. हे सगळे अर्धवट ऑक्सिडेशन झालेले हायड्रोकार्बन आहेत. म्हणजे कुणीतरी हवेत हायड्रोकार्बन सोडतंय आणि हवेत गेल्यावर त्याचं काहीतरी होतंय.

माझ्या मते हा या केसमधला सगळ्यात मोठा क्षण. तोपर्यंत सगळे विचारत होते की हा त्रासदायक पदार्थ कोण सोडतंय. हागेन-स्मिटना दिसलं की हा पदार्थ कुणीच सोडत नाहीये, तो हवेतच तयार होतोय, आणि ज्यापासून तयार होतोय ती वाफ स्वतः दिसतही नाही आणि डोळ्यात चुरचुरतही नाही.

मग त्यांनी उलट्या बाजूने सिद्ध करायला घेतलं. बंद काचेच्या भांड्यात पेट्रोलची वाफ, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऊन किंवा त्यासारखा दिवा. ओझोन तयार झाला, म्हणजे तीन ऑक्सिजन अणूंचा रेणू, तोच तो जोरदार ऑक्सिडायझर. त्या हवेत वाकवून ताणलेली रबराची पट्टी ठेवली, चिरली. बंद खोलीत पालक, बीट, ओट यांची रोपं ठेवून पेट्रोलची वाफ आणि ओझोन सोडला तर पानांवर शेतातल्यासारखेच डाग. या रोपांच्या कामात कॅलटेकमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांची मोठी साथ होती. १९५२ साली हे सगळं रीतसर छापून आलं.

रबराची पट्टी तर इतकी कामाची ठरली की पुढे तिचाच मीटर केला, चीर पडायला किती वेळ लागतो त्यावरून हवेतला ओझोन मोजायचा. हे चालतं कारण नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीनची लांबच लांब साखळी आणि त्या साखळीत ठराविक अंतराने दुहेरी बंध. ओझोन नेमका दुहेरी बंधावर बसतो आणि साखळी तिथेच तुटते, आणि रबर ताणलेलं असेल तर तुटलेल्या जागेची चीर वाढत जाते. पुस्तकात ओझोनोलिसिस नावाची जी रिअ‍ॅक्शन असते ती इथे टायरवर चालू होती.

हवेत नक्की होतं काय

आता मूळ केमिस्ट्री, आणि इथे जरा रेंगाळायला लागेल कारण सगळी केस यावरच उभी आहे.

इंजिनच्या आत तापमान इतकं असतं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड होतो. तो बाहेर आला की काही भाग नायट्रोजन डायऑक्साइड होतो, हा तपकिरी दिसतो कारण तो निळा प्रकाश शोषतो. साधारण ४२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागला की तो फुटतो, नायट्रिक ऑक्साइड आणि एक सुटा ऑक्सिजन अणू. तो सुटा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि झाला ओझोन. पण लगेच तो ओझोन बाजूच्या नायट्रिक ऑक्साइडशी भिडतो आणि पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन. म्हणजे चक्र फिरलं आणि आपण होतो तिथेच. एवढंच असतं तर ओझोन फारसा साठलाच नसता.

साठतो कारण मधे हायड्रोकार्बन येतो. हवेत हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा एक भयंकर भुकेला कण असतो, एक ऑक्सिजन एक हायड्रोजन आणि एक जोडीविना इलेक्ट्रॉन. तो हायड्रोकार्बनमधला एक हायड्रोजन ओढून घेतो आणि पाणी बनतो. मागे उरलेल्या अपुऱ्या कार्बनला ऑक्सिजनचा रेणू चिकटतो, याला पेरॉक्सी रॅडिकल म्हणतात. आणि हा पेरॉक्सी आपला एक ऑक्सिजन नायट्रिक ऑक्साइडला देऊन टाकतो. म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड झालं आणि त्यासाठी ओझोन खर्चच झाला नाही! ओझोन खाणारा मधल्यामधे संपतो, ओझोन बनवणारा वाढतो. वर उरलेला कार्बनचा तुकडा अल्डिहाइड बनतो, त्यातून अजून एक रॅडिकल सुटतो, तोही तेच काम करतो आणि शेवटी हायड्रॉक्सिल पुन्हा मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे जातो. इंधन म्हणजे हायड्रोकार्बन, चालू ठेवणारं ऊन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मधल्या मधे पुन्हा पुन्हा वापरले जातायत, अशी ही भट्टी.

हायड्रॉक्सिलचा हा रोल हागेन-स्मिटना तेव्हा पूर्ण माहीत नव्हता. साध्या हवेत तो दिवसा सतत तयार होत असतो हे हायरम लेव्ही यांनी १९७१ साली मांडलं. त्याआधी वीस वर्षं, मधली पायरी अंधारात असताना हागेन-स्मिटनी सुरुवात आणि शेवट बरोबर जोडला होता, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता बंधांकडे या. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात. प्रोपेनमधल्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सुमारे ४१२ मधे निघतो, आयसोब्युटेनच्या मधल्या कार्बनवरचा ४०४ च्या आसपास. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो पण वेगात प्रचंड दिसतो. मिथेन हवेत साधारण नऊ-दहा वर्षं टिकतो, इथेन दोनेक महिने, प्रोपेन दोनेक आठवडे. आणि अल्कीनची तर गोष्टच निराळी, तिथे हायड्रॉक्सिलला काही तोडायची गरजच नाही, दुहेरी बंधातले सैल इलेक्ट्रॉन समोरच असतात, तो सरळ जाऊन चिकटतो. म्हणून इथीन एक-दीड दिवसात संपतं आणि प्रोपीन काही तासांत. वेगाचाच हिशोब केला तर प्रोपीन मिथेनपेक्षा हजारो पटींनी चपळ आहे.

हे आकडे शहराच्या नकाशावर ठेवून बघा. मिथेन सोडला तर तो शहरात काही करायच्या आत जगभर पसरतो. प्रोपीन सकाळी आठला सोडलं तर त्याचा सगळा हिशोब त्याच शहरात, त्याच दुपारी चुकता होतो. किती टन सोडलं एवढंच विचारून भागत नाही, कोणतं सोडलं ते विचारावं लागतं.

आणि डोळे? ओझोनपेक्षा त्याचे सोबती जास्त चुरचुरतात. फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन, आणि पॅन, म्हणजे पेरॉक्सीअ‍ॅसिटिल नायट्रेट. हा शेवटचा सुरुवातीला कुणाच्या ओळखीचाच नव्हता, त्याला नुसतं कंपाउंड एक्स म्हणायचे, एडगर स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी १९५६ च्या सुमाराला इन्फ्रारेडमधे त्याच्या रेषा पकडल्या. पालकाच्या पानाची खालची बाजू चांदीसारखी करणारा हाच. पॅन उष्णतेत लवकर फुटतो आणि थंडीत खूप टिकतो, त्यामुळे वरच्या थंड हवेत चढला की नायट्रोजन डायऑक्साइड पोटात घेऊन लांब कुठेतरी जातो आणि खाली गरम हवेत आला की तिथे सोडतो.

मग हेच शहर का

गाड्या इतर शहरांतही होत्याच, तिथे असं का नाही, हा प्रश्न त्या वेळी मोठ्या जोरात विचारला गेला आणि तो योग्यच होता. उत्तर जमिनीत आणि हवेत आहे. लॉस एंजेलिस एका खोऱ्यात आहे, एका बाजूला पॅसिफिक, बाकी बाजूंना सॅन गॅब्रिएलसारखे डोंगर. एरवी जमिनीपासून वर जाल तशी हवा थंड होते आणि खालची गरम हवा वर निघून जाते. इथे उन्हाळ्यात समुद्रावरून आलेली थंड हवा खाली असते आणि तिच्या डोक्यावर वरून दबत आलेली गरम हवा, म्हणजे भांड्यावर झाकण. याला इन्व्हर्जन म्हणतात. १५४२ साली काब्रियो नावाचा दर्यावर्दी इथल्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्याने सॅन पेद्रोच्या उपसागराला धुरांचा उपसागर असं नाव दिलं होतं, कारण किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या शेकोट्यांचा धूर वर न जाता तिथेच पसरलेला दिसत होता. तेव्हा गाडी नव्हती, पण झाकण होतंच.

त्यात ऊन भरपूर. सकाळी ऑफिसच्या वेळेला गाड्यांमुळे हायड्रोकार्बन आणि नायट्रिक ऑक्साइड वाढतात, मग तासा-दोन तासांनी नायट्रोजन डायऑक्साइड वर जातो, मग दुपारी ओझोन. तोपर्यंत समुद्राचा वारा ही सगळी हवा आत ढकलतो, म्हणून जिथे गाड्या जास्त त्या डाउनटाउनपेक्षा पॅसाडेना, रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनो या आतल्या गावांना जास्त त्रास. ज्यांनी सोडलं आणि ज्यांनी सोसलं ते एकाच ठिकाणी नव्हते.

वाफ नक्की येत कुठून होती

पहिलं बोट रिफायनऱ्यांकडे गेलं आणि बरोबर गेलं. पेट्रोल म्हणजे साधारण चार ते बारा कार्बनच्या रेणूंचं मिश्रण. लहान रेणूंमधे एकमेकांना धरून ठेवणारं आकर्षण कमी, त्यामुळे ते पटकन उडतात, ब्युटेन तर उणे ०.५ अंशालाच उकळतो, आणि थंड इंजिन लगेच चालू व्हावं म्हणून तो मुद्दाम पेट्रोलमधे थोडा घालतात. साठवणुकीच्या टाक्यांमधून ही वाफ सरळ हवेत जायची. टाकीचं छप्पर पेट्रोलवरच तरंगत ठेवलं की वाफेला मोकळी जागाच उरत नाही, हा उपाय पन्नासच्या दशकात सक्तीने लागू झाला आणि मोठा फरक पडला.

पण मोठा वाटा गाडीचा होता, आणि गाडीतही फक्त मागच्या नळीचा नाही. तेव्हाच्या गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी ढोबळमानाने अर्ध्याहून थोडा जास्त एक्झॉस्टमधून, पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त क्रँककेसमधून म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली निसटलेली वाफ, आणि उरलेला टाकी आणि कार्बुरेटरमधून नुसता उडून जायचा, गाडी बंद करून उभी असतानासुद्धा.

एक्झॉस्टमधे न जळलेलं पेट्रोल का उरतं? सिलेंडरच्या भिंती तुलनेने थंड असतात, ज्वाला भिंतीपाशी पोचता पोचता विझते आणि बारीक फटींत शिरलेलं मिश्रण जळतच नाही. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या उष्णतेत मोठे अल्केन तुटतात आणि त्यांचे तुकडे इथीन, प्रोपीन असे होतात. म्हणजे टाकीत भरताना बऱ्यापैकी शांत असलेलं मिश्रण नळीतून बाहेर येताना दुहेरी बंधवालं, चपळ होऊन येतं.

हे स्वीकारायला मात्र कुणी तयार नव्हतं. तेल उद्योगाच्या पैशाने चाललेल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी हागेन-स्मिटच्या निष्कर्षांवर उघड शंका घेतल्या, आणि त्यामुळे हागेन-स्मिट उलट जास्त जिद्दीने या कामात उतरले. काउंटीचे सुपरवायझर केनेथ हान यांनी १९५३ पासून डेट्रॉइटच्या कार कंपन्यांना पत्रांमागून पत्रं पाठवली, त्यावर फोर्डकडून आलेलं उत्तर साधारण असं होतं की एक्झॉस्टच्या वाफा हवेत पटकन विरून जातात आणि त्यांनी प्रदूषण होत नाही. विरून जातात हे खरं होतं. पण विरून जाणं म्हणजे नाहीसं होणं असं धरून चालले तिथे चूक झाली. जानेवारी १९६९ मधे अमेरिकेच्या न्याय खात्याने कार कंपन्यांवर खटला भरला की त्यांनी मिळून प्रदूषण रोखणारी उपकरणं लांबवली, त्याच वर्षी आरोप मान्य न करता समझोता झाला.

उपाय आणि मधली चूक

घरामागे कचरा जाळायच्या भट्ट्यांवर १९५७ मधे बंदी आली, धूर कमी झाला, ओझोन तसाच. मग गाडीची पाळी. क्रँककेसची वाफ पुन्हा इंजिनमधे खेचून जाळायची साधी झडप कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून यायला लागली. स्वस्त, सोपी, आणि गाडीच्या वाफेचा मोठा वाटा एका फटक्यात गेला. इतकी वर्षं ती का नाही बसवली हा प्रश्न वाचताना छळत राहतो.

१९६६ च्या मॉडेलपासून एक्झॉस्टमधले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यावर मर्यादा आली. इंजिनवाल्यांनी मिश्रणात हवा वाढवली, ज्वलन सुधारलं, हायड्रोकार्बन कमी झाले. पण अशा गरम ज्वलनात नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात आणि ते वाढलेच. भट्टीचं इंधन कमी करताना दुसऱ्या हाताने मधला घटक वाढवला गेला. नायट्रोजन ऑक्साइडवरची मर्यादा त्यानंतर १९७१ ला आली.

याच काळातला काउंटीचा नियम ६६ मला विशेष आवडतो, कारण तो सेंद्रिय केमिस्ट्रीच्या पुस्तकातून उचलल्यासारखा आहे. १९६६ चा हा नियम रंग, थिनर, ड्रायक्लीनिंग यातल्या सॉल्व्हंटसाठी होता आणि तो सगळ्या वाफा एका मापाने मोजत नव्हता. दुहेरी बंधवाले घटक आकारमानाने ५ टक्क्यांपर्यंत, आठ किंवा जास्त कार्बनचे अरोमॅटिक (बेन्झीनचं कडं असलेले) ८ टक्क्यांपर्यंत, टोल्युईनसारखे २० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे गेलात तर तुमचं सॉल्व्हंट रिअ‍ॅक्टिव्ह. कारणही सरळ आहे. बेन्झीनचं कडं फार स्थिर, हवेत दहाएक दिवस टिकतं. त्याला एक मिथिल गट लागला की टोल्युईन, आयुष्य दोनेक दिवस. दोन लागले की झायलीन, एका दिवसाहून कमी. अर्थात बेन्झीन हवेत सावकाश वागतं म्हणून ते निरुपद्रवी नाही, त्याने रक्ताचा कॅन्सर होतो, तो वेगळा आणि तितकाच गंभीर हिशोब.

१९६८ मधे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी राज्याच्या नव्या एअर रिसोर्सेस बोर्डाचं अध्यक्षपद हागेन-स्मिट यांना दिलं, १९७३ पर्यंत ते तिथे होते. १९७० चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला आणि १९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या पृष्ठभागावर उरलेला हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. ही कल्पना जुनीच, यूजीन हुड्री यांनी ती पन्नासच्या दशकात मांडली होती, पण पेट्रोलमधे टेट्राएथिल लेड होतं आणि शिसं त्या पृष्ठभागावर बसलं की कॅटॅलिस्ट मेला. म्हणून कन्व्हर्टरसाठी बिनशिशाचं पेट्रोल आणावंच लागलं, आणि त्यातून मुलांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. स्मॉगसाठी केलेल्या कामाचा याहून मोठा जोडफायदा मला तरी दुसरा दिसत नाही. पुढे १९७७ पासून थ्री-वे कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर आले आणि नायट्रोजन ऑक्साइडसुद्धा त्याच डब्यात आवरता यायला लागले.

परिणाम मोजलेला आहे. १९६० ते २०१० या काळात लॉस एंजेलिसच्या हवेतल्या, गाड्यांमुळे येणाऱ्या सेंद्रिय वाफा सुमारे ५० पटींनी कमी झाल्या आणि त्याच काळात इंधनाचा वापर जवळपास तिप्पट झाला.

मिथेनला का वगळतात

स्मॉगच्या हिशोबात बहुतेक ठिकाणी मिथेन सोडून बाकीचे हायड्रोकार्बन मोजतात, तो वर सांगितलेल्या सावकाशपणामुळे. पण जो गुण शहराला वाचवतो तोच हवामानाला जड जातो. दहाएक वर्षं टिकल्यामुळे तो जगभर साठतो, औद्योगिक काळाआधी हवेत सुमारे ०.७ पीपीएम (दहा लाखांत ०.७ भाग) होता, आता १.९ पीपीएमच्या वर आहे, आणि १०० वर्षांच्या हिशोबात वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता अडवतो. एकाच कुटुंबातले दोन रेणू, प्रोपीनचा त्रास आज दुपारी आणि मिथेनचा पुढच्या दहा वर्षांत.

केस अजून बंद झालेली नाही

लॉस एंजेलिसचा ओझोन खूप उतरला, पण आठ तासांच्या सरासरीची ०.०७० पीपीएमची अमेरिकन मर्यादा तिथे अजूनही पाळली जात नाही. शनिवार-रविवारी डिझेल ट्रक कमी असतात, नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात, तर ओझोनही कमी व्हायला हवा ना? तिथे वर्षानुवर्षं उलटं दिसलं, वीकेंडला ओझोन जास्त. कारण नायट्रिक ऑक्साइड फार असेल तर तो ओझोन खातो आणि नायट्रोजन डायऑक्साइड हायड्रॉक्सिललाच पकडून नायट्रिक आम्लात बंद करतो, त्यामुळे हे ऑक्साइड थोडे कमी झाले की भट्टी आधी भडकते आणि बरेच कमी झाल्यावरच विझायला लागते. त्या मधल्या टप्प्यात हायड्रोकार्बन कमी ठेवणं हाच हातातला उपाय असतो.

आणि आता हायड्रोकार्बन आणि त्याचे भाऊबंद येतायत कुठून, तर २०१८ साली आलेल्या अभ्यासाने दाखवलं की औद्योगिक शहरांत खनिज तेलापासून आलेल्या सेंद्रिय वाफांपैकी जवळपास अर्ध्या आता रंग, गोंद, शाई, परफ्यूम, डिओडरंट, फरशी पुसायची लिक्विडं यातून येतात. गाड्या स्वच्छ झाल्या म्हणून हा वाटा वर आला. फरशीच्या लिक्विडात लिंबाच्या वासासाठी घालतात ते लिमोनीन घ्या, दहा कार्बन, दोन दुहेरी बंध, हवेत गेलं की तासाभरात रिअ‍ॅक्शन. हागेन-स्मिटनी करिअरच्या सुरुवातीला ज्या वनस्पतींच्या सुगंधी तेलांवर काम केलं, त्याच कुटुंबातला हा रेणू.